क्वीन, पाचगणी आणि आजोबांची टेप

या वीकांताचा विषय आहे एक जाडजूड खोकं. क्वीन या बँडचा पहिला अल्बम १३ जुलै १९७३ ला आला होता. नाव नुसतंच 'क्वीन'. तोच अल्बम ऑक्टोबर २०२४ मध्ये 'क्वीन वन' असं नाव घेऊन परत आला. सहा सीड्या, एक एलपी आणि शंभराहून जास्त पानांचं पुस्तक. एकूण ६३ ट्रॅक, त्यातली ४३ मिक्स नवी कोरी. आणि मूळ अल्बम किती गाण्यांचा होता? दहा! तोही चाळीस मिनिटांच्या आत संपणारा.

बायकोने विचारलं, "दहा गाण्यांची त्रेसष्ट कशी होतात?" मी आयटीतला हमाल असल्यामुळे मला यात विशेष काही वाटलं नाही. दहा ओळींच्या रिक्वायरमेंटमधून त्रेसष्ट तिकिटं निघालेली मी रोज बघतो.

प्रोग्रेसिव्ह रॉकचे कट्टर भक्त इथे नाक मुरडतील याची कल्पना आहे. क्वीन म्हणजे प्रोग नव्हे, म्हणतील. नंतरचं क्वीन नसेलही, पण हा पहिला अल्बम ऐका. एका गाण्यात चार वेळा ताल बदलतो, पऱ्या आणि राजे येतात, आवाजावर आवाज रचलेले, मध्येच सगळं थांबून भलतीकडेच निघतं. १९७३ सालच्या लंडनच्या हवेतच हे होतं. आणि तरीही समाधान झालं नसेल तर थांबा, पुढे पिंक फ्लॉइडवरही येणार आहे.

आता यात आपलं काय? सांगतो. या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फारोख बलसारा. झांझिबारमध्ये १९४६ साली जन्मलेला पारशी मुलगा. आठ वर्षांचा असताना घरच्यांनी त्याला बोटीत बसवून आपल्या पाचगणीला धाडलं, सेंट पीटर्स शाळेच्या बोर्डिंगमध्ये. तिथे तो पियानो शिकत होता, तिथेच त्याचा 'फ्रेडी' झाला आणि १९५८ मध्ये शाळेतल्या मित्रांबरोबर त्याने 'हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड यांची गाणी वाजवायचे. आपण पाचगणीला जातो, स्ट्रॉबेरी क्रीम खातो, टेबललँडवर घोड्यावर बसून फोटो काढतो आणि परत येतो. हा पोरगा त्याच लाल मातीत काही वर्षं राहिला. मग झांझिबार, आणि तिथे १९६४ मध्ये क्रांती झाल्यावर घरदार सोडून लंडन. त्रेसष्ट ट्रॅकच्या त्या खोक्यात पाचगणीच्या पियानोचा एकही सूर नाही. शाळकरी पोरांचा बँड रेकॉर्ड करून ठेवावा असं त्या वेळी कोणाला वाटणार, म्हणा.

मी स्वतः क्वीन पहिल्यांदा ऐकलं ते राहुरीत. म्हणजे नगर जिल्ह्यातलं (आता अहिल्यानगर) राहुरी. ऊस, कारखाना, मुळा धरण आणि महात्मा फुले कृषी विद्यापीठ. विद्यापीठाच्या होस्टेलवर माझा एक मावसभाऊ शिकायला होता. तिथे महाराष्ट्रभरातली पोरं, त्यांच्याबरोबर कॅसेटी यायच्या आणि एकीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशा उतरवल्या जायच्या. माझ्याकडे आली ती बहुधा पाचव्या पिढीची प्रत होती. वर बॉलपेनने लिहिलेलं, 'इंग्रजी - २'. ना बँडचं नाव, ना गाण्यांची. त्यातला खरखराट मी इतक्या वेळा ऐकला होता की पुढे कॉलेजात स्वच्छ सीडी ऐकली तेव्हा गाण्यातून काहीतरी गळालंय असं वाटलं होतं.

असो. मुद्दा खोक्याचा.

पहिल्या अल्बमच्या वेळी या चौघांकडे पैसे नव्हते. लंडनच्या ट्रायडंट स्टुडिओशी करार झाला, पण स्टुडिओ मिळायचा तो पैसे मोजणारी मोठी गिऱ्हाईकं घरी गेल्यावर. म्हणजे मध्यरात्री, पहाटे, दोन तास इथे, तीन तास तिथे. १९७२ मध्ये असं तुकड्यातुकड्याने काम चाललं. त्याआधी १९७१ मध्ये डी लेन ली नावाच्या नव्या स्टुडिओला आपली यंत्रं तपासून बघायला एक मोठ्याने वाजवणारा बँड हवा होता. यांनी वाजवून दिलं आणि बदल्यात फुकटात डेमो करून घेतले. (बीटा टेस्टर म्हणून राबायचं आणि मोबदल्यात लायसन्स घ्यायचं, ही प्रथा बरीच जुनी दिसते.) गंमत म्हणजे त्या फुकटच्या डेमोंमधलं एक गाणं, 'द नाइट कम्स डाउन', बँडला इतकं आवडलं होतं की ते तसंच्या तसं अल्बमवर गेलं.

ट्रायडंटमधल्या ड्रमच्या आवाजावर मात्र बँड कधीच खूश नव्हता. त्या स्टुडिओची पद्धत अशी होती की ड्रम कोरडा, दाबलेला वाजायचा. उशीवर मारल्यासारखा. रॉजर टेलर आणि ब्रायन मे यांना तो मोकळ्या खोलीत घुमणारा हवा होता. नवख्या पोरांचं कोण ऐकतंय! 'मॅड द स्वाइन' नावाचं एक गाणं तर मिक्सवरून एकमत होईना म्हणून अल्बममधून बाहेरच पडलं.

पन्नास वर्षांनी मे आणि टेलरने ठरवलं की आता हे दुरुस्त करायचं. नुसतं पॉलिश नाही, मूळ टेपपर्यंत जाऊन अख्खा अल्बम नव्याने बांधायचा. आपल्या लोकांना 'रीमास्टर' आणि 'रीमिक्स' यातला फरक बऱ्याचदा कळत नाही. त्यात आपला दोष नाही. 'रीमिक्स' म्हटलं की आपल्याला २००२ सालचं 'कांटा लगा' आठवतं. तर माझ्या भाषेत सांगायचं तर रीमास्टर म्हणजे तयार एक्झिक्युटेबल फाइलवर पॅच मारणं. आवाज थोडा वाढव, खर्ज थोडा भर, संपलं. आत काय आहे त्याला हात लागत नाही. रीमिक्स म्हणजे सोर्स कोड उघडणं. त्या काळी सोळा ट्रॅकची टेप असे. गिटार वेगळी, गळा वेगळा, ड्रम वेगळे. ती मूळ टेप सापडली तर प्रत्येक ट्रॅक सुटा काढता येतो, घासूनपुसून पुन्हा जुळवता येतो. जस्टिन शर्ली-स्मिथ, जॉश मॅक्रे आणि क्रिस फ्रेडरिकसन या तिघांनी हेच केलं. ड्रम आता बँडला १९७२ मध्ये जसे हवे होते तसे वाजतात. 'मॅड द स्वाइन' आपल्या मूळ जागी, चौथ्या क्रमांकावर, परत आलंय.

आणि कसं झालंय? 'माय फेअरी किंग' ऐकताना मी दोनदा मागे गेलो. पियानो असा समोर येऊन बसलाय की बोटं दिसावीत. 'लायर'मध्ये ड्रम पडतो तेव्हा हेडफोनला खोली असल्यासारखं वाटतं. सगळं उत्तम आहे. आणि तरी माझ्या डोक्यात किडा वळवळत राहिला की हा १९७३ चा अल्बम आहे का? ती उशीवर मारल्यासारखी थाप म्हणजे चार पोरांना पहाटे तीन वाजता स्टुडिओ मिळायचा आणि त्यांचं कुणी ऐकायचं नाही, याची नोंद होती. ती नोंद मिटली. हापिसात आम्ही याला 'रिफॅक्टरिंग' म्हणतो आणि कौतुकाने टाळ्या वाजवतो. पण कोडमध्ये जुन्या माणसाची एखादी विचित्र कॉमेंट असते, ती काढताना माझा हात अडतो.

आपल्याकडे यासाठी चांगला शब्द आहे, जीर्णोद्धार. नगर जिल्ह्यातली गावं फिरलात तर दिसेल, काळ्या दगडाचं जुनं देऊळ, आणि जीर्णोद्धार म्हणून आतून बाथरूमची टाइल, खांबांना गुलाबी ऑइलपेंट. बसवणाऱ्याची भक्ती खरीच असते. देवाला चांगलं द्यावं हीच भावना. गीतरामायणाचंही बघा. १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवर ते सुरू झालं तेव्हा वेगवेगळी पात्रं वेगवेगळे गायक गात होते. घराघरात पोचलं, आईवडिलांच्या पिढीने पाठ केलं ते मात्र बाबूजींनी नंतर एकट्याच्या आवाजात ध्वनिमुद्रित केलेलं. तेच आपल्याला 'मूळ' वाटतं. मला स्वतःला बाबूजींचंच आवडतं, हेही सांगून टाकतो.

क्वीनवाल्यांनी एक शहाणपणा केलाय. नव्या बांधकामाबरोबर जुना राडारोडाही दिलाय. एका सीडीवर स्टुडिओतले अर्धवट टेक आहेत, सुरू करून चुकलेले, मध्येच थांबून केलेल्या गप्पा. मला विचाराल तर खोक्यातली सगळ्यात चांगली सीडी तीच. पंचविशीतली पोरं एकमेकांना काहीतरी म्हणतात आणि परत एक-दोन-तीन-चार. त्यात फ्रेडी नुसता एक पोरगा आहे. १९९१ मध्ये गेलेला दैवत-माणूस नाही.

आता फ्लॉइड. 'विश यू वेअर हिअर' सप्टेंबर १९७५ चा, त्याची पन्नाशीची आवृत्ती १२ डिसेंबर २०२५ ला आली. प्रोगभक्तांनो, आता तरी खूश? त्यात लॉस एंजेलिसच्या २६ एप्रिल १९७५ च्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग आहे, आणि ते बँडने केलेलं नाही. माइक मिलार्ड नावाच्या एका श्रोत्याने प्रेक्षकांत बसून चोरून केलेलं आहे! हा माणूस चांगल्या प्रतीचा रेकॉर्डर लपवून आत न्यायचा. त्यासाठी व्हीलचेअरवर बसून जायचा, खाली यंत्र, अशी त्याची कथा सांगतात. ज्या टेपा बाळगणं पन्नास वर्षं बेकायदेशीर समजलं गेलं, त्यातली एक स्टीव्हन विल्सनने साफसूफ करून अधिकृत आवृत्तीत आणली. म्हणजे आमच्या 'इंग्रजी - २'च्या जातकुळीतली एक कॅसेट थेट राजवाड्यात जाऊन बसली. लॉस एंजेलिसच्या त्या टेपमध्ये सोळा सुटे ट्रॅक नाहीत. गाणं, टाळ्या, शेजारच्याचं ओरडणं, सगळं एकाच फितीवर. तिथे ठरवावं लागतं की काय म्हणजे संगीत आणि काय म्हणजे गोंगाट.

हे एवढं सगळं लिहायचं कारण म्हणजे गेले चार महिने आम्हीही एक डिलक्स आवृत्ती काढत होतो. राहुरीत.

माझे आजोबा १९२५ चे. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून होते आणि भजनात त्यांचं नाव होतं. शेकडो अभंग पाठ, समोर वही लागत नाही, अशी ख्याती. त्यांची जन्मशताब्दी म्हणून काकांनी घरचा कार्यक्रम ठरवला आणि भाऊबंदांना पेनड्राइव्हवर आजोबांचं भजन द्यायचं असं निघालं. रेकॉर्डिंग एकच आहे. १९८७ सालची नव्वद मिनिटांची कॅसेट, काकांनीच टू-इन-वनच्या आतल्या माइकवर केलेली. एकादशीचा दिवस, राहुरी फॅक्टरीच्या आमच्या जुन्या घराची पुढची खोली. आजोबा, पेटी, टाळ. आणि बाकी सगळं म्हणजे पंखा, भांडी, सायकलची घंटी, मध्येच कारखान्याचा भोंगा.

काकांची अपेक्षा साधी होती. "तू कंप्युटरवाला आहेस ना, मग ही खरखर काढ. नुसता अण्णांचा आवाज पाहिजे. जमलं तर मागे तानपुरा टाक."

जमतं आजकाल. २०१९ मध्ये डीझर या फ्रेंच कंपनीने 'स्प्लीटर' फुकट खुलं केलं तेव्हापासून गाण्यातून गळा वेगळा काढणं घरबसल्या होऊ लागलंय. २०२३ मध्ये बीटल्सनी जॉन लेननच्या जुन्या कॅसेटमधून त्याचा आवाज पियानोपासून सोडवून नवं गाणंच काढलं. मी आधी डेकचं हेड स्पिरिटने पुसलं, त्याचा कोन फितीला जुळवला (हे केलं की अर्धा मळभ आपोआप जातो, लोक उगाच सॉफ्टवेअरला पैसे देतात), मग फाइल बनवली आणि एका प्रोग्रॅमला दिली. त्याचं काम म्हणजे माइकजवळचा माणूस ठेवायचा आणि मागचे आवाज काढायचे. ऑनलाइन मीटिंगमध्ये कुकरची शिट्टी दाबतात तसंच. निकाल अफलातून आला. आजोबा स्टुडिओत बसून गातायत असं वाटावं. काका ऐकून रडले.

फक्त एक गोष्ट खटकली. आजोबा प्रत्येक चरणाआधी किंचित थांबत. घरात ते सगळ्यांना माहीत होतं. अर्थ मनात घोळवून मग म्हणायचे, असं काका सांगत आले. मूळ टेपमध्ये तो थांबा कधी जाणवला नव्हता. स्वच्छ प्रतीत मात्र ती जागा रिकामी, खड्डा पडल्यासारखी ऐकू येत होती. शांतता इतकी ठार की पुढचा शब्द येईल की नाही याची काळजी वाटावी.

म्हणून मी प्रोग्रॅमने फेकलेलं ऐकायचं ठरवलं. सोपं असतं ते. मूळ फाइल आणि स्वच्छ फाइल नीट जुळवायची, एकीचा फेज उलटा करायचा आणि दोन्ही मिळवायच्या. जे समान आहे ते पुसलं जातं, जे काढून टाकलंय तेवढंच उरतं. उरलेल्या फाइलमध्ये पंखा होता, भांडी होती, भोंगा होता. आणि आजी होती.

आजी १९९९ मध्ये गेली. तिच्या आवाजाचं दुसरं काहीही आमच्याकडे नाही. स्वयंपाकघरातून, बहुधा चुलीपुढून, ती प्रत्येक चरणाची सुरुवात सांगत होती. दोन शब्द, कधी तीन. सुरात नाही, बोलल्यासारखे. मग आजोबा तो चरण उचलत. प्रोग्रॅमच्या हिशेबाने ती मागचा आवाज होती, त्याने नेमून दिलेलं काम चोख केलं. मी अख्खी बाजू ऐकली. सतरा ठिकाणी ती आधी आहे. एके ठिकाणी आजोबा भलताच शब्द उचलतात, ती "अहो, नाही" म्हणते आणि बरोबर सांगते, आणि आजोबा पेटीचा एक जास्तीचा फेरा घेऊन सावरतात. तो फेरा काका आम्हाला लहानपणी करून दाखवायचे, अण्णांची खास जागा म्हणून.

आजीला लिहितावाचता येत नव्हतं.

मी हे आधी आत्याला ऐकवलं. ती हेडफोन कानाला धरून बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आवाज बारीकच होता रे आईचा." मी म्हटलं, आत्या, तुझ्या लक्षात येतंय का काय चाललंय? तर म्हणे, "त्यात काय लक्षात यायचं? आईला सगळं पाठ होतं. जात्यावर म्हणायची. अण्णा विसरायचे. आम्हा बहिणींना ठाऊकच होतं की." मग तुम्ही कधी बोलला का नाहीत? "कुणी विचारलं होतं?"

काकांना सांगणं अवघड गेलं. त्यांनी एकदा ऐकलं, हेडफोन काढून टेबलावर ठेवला. "मी खोलीतच होतो," एवढंच म्हणाले. टेप त्यांनीच केलेली, बटण त्यांनीच दाबलेलं, वय तेव्हा तीस. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. कार्यक्रमाला स्वच्छ प्रतच लावायची. "लोक अण्णांसाठी येणार आहेत. त्यांना हे कशाला ऐकवायचं?" आत्या भडकली. तिचं म्हणणं, मग ते खड्डे तरी कशाला ऐकवता? घरात पंधरा दिवस दोन पक्ष होते आणि दोघांचेही फोन मलाच. ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांचं एक बरं, त्यांचा अल्बम त्यांचाच होता, हवा तसा बांधला. इथे ज्या दोघांचा होता ते दोघेही विचारायला नाहीत.

मी काकांच्या विरोधात नाही, खरंच. ज्या माणसाने आयुष्यभर वडिलांची एक प्रतिमा जपली, त्याला शताब्दीच्या दिवशी सगळ्या भावकीसमोर तिचे टाके उसवायला सांगणं जड आहे. पण मी तानपुरा घालायला नकार दिला. त्या खड्ड्यांत तानपुरा भरला असता तर सगळं गोड आणि सलग झालं असतं, आणि आजी कायमची गेली असती. काकांनी फार ताणलं नाही.

शेवटी पेनड्राइव्हवर दोन फोल्डर गेले. पहिल्यात स्वच्छ प्रत. दुसऱ्यात जशीच्या तशी टेप, भोंग्यासकट. क्वीनच्या त्या गप्पांच्या सीडीचं उदाहरण मी काकांना दिलं होतं, त्यांना ते कितपत पटलं कोण जाणे. पण "मूळ असायला पाहिजे" हे त्यांनी मान्य केलं. चांगला हेडफोन लावून, कान देऊन ऐकलं तर दुसऱ्यात आजी ऐकू येते. कुणी सांगितलं नाही तर भांड्यांच्या आवाजात जाते. कार्यक्रमाला काकांनी पहिला फोल्डर लावला. उरलेल्या आवाजाची फाइल फक्त भावंडांत आहे, म्हणजे काका आणि दोन आत्या. धाकट्या आत्याने ती फोनवर ठेवलीये आणि सकाळी पोळ्या करताना लावते, मधल्या जागा स्वतः म्हणते.

बी साइड अजून बाकी आहे. फीत मागे दाबून धरणारा स्पंज झडलाय, आवाज येतो-जातो. दुसऱ्या एका कॅसेटचा स्पंज काढून बसवावा लागेल. 'इंग्रजी - २' अजून माळ्यावर आहे, तिचा चांगला असावा. पुढच्या शनिवारी राहुरीला जातोय.